परिचयातले सहावे वाक्य

जयपुरात मार्च महिना उजाडला की आमच्या गल्लीतला कडुनिंब पाने टाकू लागतो. पानगळ शिशिरात होते असे आपण शाळेत शिकतो, आणि सर्वसाधारणपणे ते खरेही आहे; पण इथला कडुनिंब स्वतःचे वेळापत्रक पाळतो. होळीच्या आगेमागे ऊन तापू लागले की तो आठ-दहा दिवसांत पिवळा पडतो, रिकामा होतो, आणि जुनी पाने अंगणात वाजत असतानाच त्याच्या फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी फुटते. जाणे आणि येणे यांच्यामध्ये त्याला उसंत नसते. सकाळी झाडलेले अंगण दुपारी पुन्हा भरते. मी दिवसातून तीनदा झाडतो. माझी पत्नी शुभा म्हणते, "एकदाच संध्याकाळी झाडा की. पानं काय तुमच्या धाकानं पडायची थांबणार आहेत?" थांबणार नाहीत, हे मलाही कळते. पण या दिवसांत हाताला काम लागते. बसवत नाही.

हा परीक्षांचा मोसम. प्रताप नगरातल्या शाळेत मी बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि निवृत्त होऊनही आता सहा वर्षे झाली. तरी या महिन्यात शरीर आपोआप पहाटे पावणेपाचला उठते. गच्च्यांवर मुले पुस्तक हातात घेऊन येरझाऱ्या घालत असतात. सांगानेरच्या विमानतळावर उतरणारे विमान डोक्यावरून गेले की सगळी एका क्षणापुरती थांबतात, ओठ मिटतात, आणि आवाज विरला की जिथे सोडले होते तिथूनच पाठांतर सुरू होते. कूलरचे जुने गवत काढून नवे भरण्याचे हेच दिवस. त्या ओल्या गवताचा वास मला वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांबरोबर आलेला आहे, त्यामुळे आजही तो नाकात शिरला की बोटे लाल पेन शोधतात.

आणि याच दिवसांत, होळीच्या दुसऱ्या सकाळपासून, गल्लीतल्या मुली आणि बायका गणगौरीची गाणी म्हणत दूर्वा आणायला निघतात. वाचकांपैकी ज्यांचा राजस्थानशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: गणगौर हा गौरीचा उत्सव. सुवासिनी नवऱ्यासाठी आणि कुमारिका चांगला नवरा मिळावा म्हणून सोळा-अठरा दिवस रोज सकाळी गौर पूजतात. आपला गुढीपाडवा त्या उत्सवाच्या शेवटाला येतो, दोनच दिवस आधी. त्यामुळे आमच्या घरात पाडवा, गणगौर आणि बोर्डाचा पेपर हे तिन्ही नेहमीच एकमेकांच्या अंगावर येऊन पडलेले आहेत.

यंदाच्या अस्वस्थतेला मात्र वेगळे कारण होते. मला एक परिचय लिहायचा होता.

आमचे महाराष्ट्र मंडळ लहान आहे. इथल्या रुग्णालयांतले डॉक्टर, महाविद्यालयांतले प्राध्यापक, लष्करी छावणीतली बदलीवर आलेली कुटुंबे. मी मिरजेचा, शुभा भूलतज्ज्ञ, तिला इथल्या सरकारी रुग्णालयात जागा मिळाली म्हणून मी सांगलीची नोकरी सोडून तिच्यामागे आलो. त्या काळी गावात त्याची थोडी चेष्टा झाली. ते असो. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले ते अक्षर चांगले म्हणून, आणि राहिले ते माझा परिचय दोन मिनिटांच्या वर जात नाही म्हणून. तो सात वाक्यांचा असतो. पहिल्यात नाव आणि गाव, दुसऱ्यात शिक्षण, तिसऱ्यात कामाची सुरुवात कशी झाली ते, चौथ्यात प्रत्यक्ष काम, पाचव्यात मानसन्मान. सहाव्यात जोडीदार: 'या वाटचालीत त्यांना त्यांच्या पत्नीची', किंवा पाहुण्या बाई असतील तर पतीची, 'मोलाची साथ लाभली आहे,' आणि तिथे नाव. सातव्यात स्वागत. चांगल्या मांडणीत प्रत्येक गोष्टीला जागा असते. काय लिहावे यापेक्षा कुठे लिहावे हे आधी ठरले की माणूस निर्धास्त होतो. ही शिकवण मी कित्येक मुलांना दिली आहे.

यंदाचा पाहुणा होता तन्मय. आमचा मुलगा.

तो गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि स्वतः गातो. बंगळुरूला राहतो. त्याची गाणी बहुतेक हिंदीत असतात. मधेच एखादे कडवे मराठीत येते, आणि ते मराठी आमच्या घरातले असते: थोडे मिरजेचे, थोडे शाळेच्या बसमधले. त्याला पुरुष आवडतात, हे त्याने लपवलेले नाही. मुलाखतीत सांगतो, मंचावर सांगतो, गाण्यात तर सांगतोच. देवांश नावाचा मुलगा, तो मूळचा जोधपूरचा आणि इमारतींचे आराखडे करतो, चार वर्षांपासून त्याच्याबरोबर राहतो. हे सगळे जगाला ठाऊक आहे. मंडळालाही ठाऊक आहे. मंडळातल्या तरुण सुनांनीच बैठकीत विषय काढला: "काका, आपला तन्मय इतक्या ठिकाणी गातो आणि आपल्याकडेच नाही? ये तो हद है." त्यावर कोणी 'नको' म्हणाले नाही. कोणी 'हो'ही लगेच म्हणाले नाही. शेवटी तन्मयचेच नाव ठरले.

मंडळाचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल आहेत. त्यांना आम्ही सगळे कर्नलसाहेबच म्हणतो. बैठक उठल्यावर त्यांनी मला जिन्यापाशी थांबवले.

"सर, मुलगा आपलाच आहे. माझ्या बागेतले पेरू कच्चेच खाऊन पोट बिघडवून घ्यायचा. गाऊ दे मनसोक्त."

"हो."

"फक्त ते वैयक्तिक नको. म्हणजे माझी काही हरकत आहे असं नाही. पण कौटुंबिक कार्यक्रम आहे, समोर लहान मुलं बसतात, नंतर मलाच फोन येतात. परिचय तुमच्या हातात आहे म्हणजे मला काळजी नाही."

मी पुन्हा "हो" म्हणालो. 'हो' हा शब्द किती हलका आहे. तोंडातून बाहेर पडताना जिभेला मुळीच श्रम होत नाहीत.

त्या संध्याकाळी तन्मयचा फोन आला. आधी तो आईशी चार वाक्ये बोलला, मग मला मागितले.

"बाबा, परिचय तुम्हीच करणार ना? तो सात वाक्यांचा?"

"हो."

"मग सहाव्यात देवांशचं नाव येणार?"

 खिडकीच्या जाळीत एक पिवळे पान अडकले होते, ते मी बोटाने पलीकडे ढकलत राहिलो.

"मतलब, जमत नसेल तर सांगा. मी राग नाही धरणार, खरंच. पण मग मी नाही येणार, बाबा. आलो तर तो दुसऱ्या रांगेत बसणार, आणि त्याला तिथं 'मुलाचा मित्र' म्हणून नाही बसवायचं मला. बाकी सगळीकडे आम्ही सरळ जातो. माझ्याच गावात तिरकं कशाला?"

"केव्हापर्यंत सांगू?"

"गुरुवारी तिकीट काढावं लागेल," तो म्हणाला. मग हसू आणत: "पाच दिवस आहेत. तुम्ही पोरांना तीन तासच देता."

'माझ्याच गावात' हे त्याचे शब्द मला रात्रंदिवस पुरले. आम्ही मिरजेला आपले गाव म्हणतो. त्याचे गाव हे आहे: हा कडुनिंब, ही गच्ची, ही विमाने.

चौदा वर्षांपूर्वीचा असाच एक मार्च माझ्या मनातून कधी हललेला नाही. तन्मय बारावीला होता. शिक्षकाच्या घरात मुलाची बारावी म्हणजे काय, हे शिक्षकांनाच ठाऊक. भिंतीवर मी आखलेले वेळापत्रक होते, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, विषयागणिक वेगळा रंग. त्याची गिटार शुभाच्या जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेली होती. आमच्या घराचा तो रिवाजच: परीक्षेच्या काळात जे जे लक्ष विचलित करील ते ते 'पेपर झाल्यावर'. पाहुणे पेपर झाल्यावर. नवे बूट पेपर झाल्यावर. एकदा मिरजेहून माझ्या काकांच्या आजारपणाचे पत्र आले, तेही मी त्याला पेपर झाल्यावर वाचून दाखवले. तोवर काका गेले होते. त्या रिवाजात क्रूरपणा आहे असे मला कधी वाटले नाही. मला ती शिस्त वाटे.

गणिताच्या पेपरला तीन दिवस उरले होते. सकाळची वेळ. एक समाकलनाचे उदाहरण त्याला सुटत नव्हते, ते मी सोडवून दाखवले. वही मिटून तो उठेल असे वाटले. तो उठला नाही.

"बाबा, अजून एक आहे."

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतले. वाटले, आणखी एक उदाहरण.

"मला मुली आवडत नाहीत, बाबा. मतलब, तशा नाहीत. मला मुलगे आवडतात."

खाली गल्लीतून गणगौरीच्या बायका चालल्या होत्या. गाणे कोपऱ्यावर आले, आमच्या दाराखाली आले, पुढे गेले. माझ्या हातातल्या पेन्सिलीचे टोक केव्हाच झाले होते, तरी मी शार्पनर फिरवत होतो. तो माझ्याकडे पाहत होता. ते सगळे मला आजही दिसते: त्याच्या शर्टाचे वरचे बटण तुटलेले, कपाळावर झोपेची घडी, आणि दोन्ही तळहात वहीवर पालथे, जणू ती उडून जाईल.

मी म्हणालो, "पेपर झाल्यावर बोलू."

तो "ओके" म्हणाला आणि वही घेऊन गच्चीवर गेला.

गणितात त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. निकाल हातात घेतला तेव्हा मला आनंद झाला. उरात एवढे घेऊन मुलगा तीन तास अचूक गणिते सोडवू शकतो, ही गोष्ट शिक्षकाला अभिमानाची आणि बापाला भयाची आहे.

पेपर झाले. आम्ही बोललो नाही. मग प्रवेश परीक्षा होती, मग जयपूरच्याच सीतापुरा भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पहिली सहामाही, मग दुसरी. शिक्षकाला हवी असेल तर पुढची परीक्षा नेहमी सापडते. आईला त्याने त्या उन्हाळ्यातच सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. जेवलास का?" आणि त्याला वाढून झाल्यावर माझ्याकडे वळली, "तुम्हाला आधी सांगितलं म्हणे त्यानं. तुम्ही काय म्हणालात?" मी सांगितले. ती बराच वेळ ताट धूत राहिली. एवढेच म्हणाली, "मी माणसाला भूल देते, पण शुद्धीवरही आणते. नुसती भूल कुणालाही देता येते."

महाविद्यालयात त्याने गाणी लिहायला सुरुवात केली. आमच्या घरी कागद वाया जात नाही; माझ्या चाचणी परीक्षांचे पाठकोरे कागद एका पेटीत ठेवलेले असत. त्यांवर तो लिही. शुभाने ते जपून ठेवले आहेत. एका बाजूला त्रिकोणमितीचे पाच प्रश्न, दुसऱ्या बाजूला त्याच्या ओळी, त्यातल्या निम्म्या खोडलेल्या. खोडण्याची त्याची पद्धत मला ओळखीची वाटली: एकच सरळ रेघ, म्हणजे खालचे वाचता येते. ही मी शिकवली होती. कशासाठी शिकवली आणि कशासाठी वापरली गेली, याचा मेळ शिक्षकाला कधी लागत नाही.

पदवी घेतल्यावर वर्षभर त्याने सीतापुऱ्यातच एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीत नोकरी केली. सकाळी कामगारांच्या बसमधून जायचा, संध्याकाळी परतताना बसमध्येच फोनमध्ये चाली गुणगुणून ठेवायचा. मग बंगळुरूला गेला. सुरुवातीला कॉफीच्या दुकानांत गायला, जिथे लोक कपबशा वाजवत गप्पा मारतात. त्याचे नाव झाले ते एका गाण्याने. त्यात गच्चीवर उभा असलेला एक मुलगा खाली चाललेल्या बायकांची गौरीची गाणी ऐकतो आणि मनातल्या मनात तेच मागणे मागतो: मलाही दे. चाल त्याची स्वतःची, पण तिच्या पायात आमच्या गल्लीची चाल आहे; दोन पावले पुढे आणि एक क्षण थांबणे, जसे डोक्यावर कलश घेऊन चालणाऱ्या बायका थांबतात. शेवटचे कडवे मराठीत. एका मुलाखतीत त्याला विचारले, हे गाणे कोणाच्या बाजूने लिहिले आहे? तो म्हणाला, माझ्या.

त्याची झळ लागली. लग्नांच्या संगीत समारंभांतली कामे एकामागून एक रद्द झाली. एका जाहिरातीला त्याचा आवाज हवा होता, चेहरा नको होता. त्याने दोन्ही दिले नाहीत. दोन वर्षे बरीच ओढाताणीची गेली. आणि मग हळूहळू, छोट्या-छोट्या शहरांतून, पत्रे येऊ लागली. पुढे सभागृहे भरू लागली. हे सगळे मी सांगतो आहे ते ऐकून-वाचून. मी त्याच्या एकाही कार्यक्रमाला गेलो नव्हतो. कानात इअरफोन घालून गाणी मात्र सगळी ऐकली, मात्रा मोजत. माझा कान मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत वाढूनही गणितीच राहिला. पण एवढे मला कळले की हा मुलगा जे म्हणायचे त्याच्या आधी एक मात्रा रिकामी सोडतो. त्या रिकाम्या मात्रेत मला प्रत्येक वेळी माझी पेन्सिल दिसे.

शिक्षककक्षात त्या गाण्याची बातमी आली तेव्हा मी अजून नोकरीत होतो. भौतिकशास्त्राचे सहकारी फोन पुढे करत उत्साहाने म्हणाले, "सर, आपका तन्मय तो छा गया!" मग त्यांनी मुलाखत पुढे वाचली, आणि फोनचा पडदा हलकेच स्वतःकडे वळवून घेतला. "चाय मंगाऊँ?" त्यांनी विचारले. त्या दिवशी मला सगळ्यांनी आळीपाळीने चहा पाजला. दुखवटा असल्यासारखा.

पुन्हा या मार्चकडे येतो.

पाच दिवसांत मी त्या परिचयाचे नऊ खर्डे केले. पहिली पाच वाक्ये पहिल्याच बैठकीत झाली आणि नंतर त्यांना हात लावावा लागला नाही. सहाव्यापाशी लेखणी अडे. 'मित्रपरिवाराची साथ' असे लिहून पाहिले. 'सहकाऱ्यांची' लिहिले. एकदा सहावे वाक्य गाळून सहाच वाक्यांचा परिचय लिहिला. तो वाचताना पायरी चुकून पाय हवेत पडावा तसे झाले. मधेच उठून अंगण झाडले. कूलरमध्ये पाणी भरले, जे शुभाने सकाळीच भरले होते. ते वाहून व्हरांड्यात आले. रिकाम्या वर्गात परीक्षार्थींची वाट पाहत फिरणाऱ्या पर्यवेक्षकासारखा मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. एकदाच, पाणी पुसताना, शुभा म्हणाली, "सगळी मुलं इतका वेळ लावायला लागली तर पेपर गोळा कोण करणार?"

बुधवारी सकाळी खर्ड्यासाठी कागद संपले. पाठकोरेसुद्धा. मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गुप्ताजींच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. गुप्ताजींना मी वीस वर्षे ओळखतो. दुकानात या दिवसांत प्रवेशपत्राच्या छायाप्रतींची रांग असते, पण पेपर सुरू झालेला असल्याने त्या वेळी कोणी नव्हते. त्यांनी कागद मोजून दिले आणि हात कागदांवरच ठेवला.

"मास्टरजी, एक बात पूछनी थी. बुरा मत मानना."

"पूछिए."

"आपके तन्मय ने जब आपको बताया था... मतलब, वो सब... तो आपने क्या कहा था?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते. छायाप्रतीच्या यंत्राचे झाकण ते उघडत होते, मिटत होते, आत काही नसताना. त्यांचा मुलगा यंदा बारावीला आहे हे मला माहीत होते. काय झाले असावे ते विचारण्याची गरज नव्हती.

प्रश्न विचारल्यावर खरे उत्तर देणे ही माझी सवय आहे. मी म्हणालो, "मैंने कहा था, पेपर के बाद बात करेंगे."

गुप्ताजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "यही तो! मैं भी यही सोच रहा था. अभी बोर्ड चल रहे हैं, अभी क्या छेड़ना. आप तो पढ़े-लिखे आदमी हैं, आपने सोच-समझकर ही कहा होगा. ठीक है. पेपर के बाद." त्यांनी समाधानाने कागदांना दोरा बांधायला घेतला.

माझ्या आयुष्यात मी फळ्यावर अनेकदा चुकलो आहे. मागच्या बाकावरून कोणी तरी "सर, चिन्ह" म्हणते, आपण पुसतो, पुढे जातो. पण आपली चूक समोरचा माणूस रीत समजून उतरवून घेतो आहे, आणि ती तो आपल्या घरी जाऊन एका मुलावर वापरणार आहे, हे मी प्रथमच पाहत होतो. दोऱ्याची गाठ बसत होती. मी त्यांचा हात धरला.

"नहीं, गुप्ताजी. वो गलत था. मैंने फिर कभी बात ही नहीं की. चौदह साल हो गए."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "चौदह?"

"आज पेपर देकर आएगा ना? आज ही. पहले कुछ खिला दीजिए, फिर पास बैठ जाइए."

"और कहूँ क्या?"

"ये मुझे भी नहीं आता," मी म्हणालो. "पर बैठ जाइए."

घरी आलो आणि चपला न काढता तन्मयला फोन लावला. मागे कोणी तरी ढोलक ठोकून पाहत होते.

"बाबा, साउंड चेक चालू आहे. नंतर बोलू?"

"नाही. आत्ता. दोन मिनिटं."

ठोकणे थांबले, त्याने हाताने खूण केली असावी.

"बारावीच्या वेळी तू मला जे सांगितलंस, त्याला मी चुकीचं उत्तर दिलं."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग: "बरोबर काय होतं?"

"ते मला अजून नीट येत नाही. पण रीत चुकली होती, एवढं कळलं."

"रीतीला पण मार्क असतात, तुम्हीच म्हणायचात." तो हसत होता, पण आवाज सरळ नव्हता. "बाबा, तिकीट काढू का मग?"

"दोन काढ."

ठरलेली गोष्ट मोडायची तर समोरासमोर सांगून मोडावी, म्हणून संध्याकाळी कर्नलसाहेबांकडे गेलो. परिचय पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सहावे वाक्य दोनदा वाचले.

"सर, आपलं ठरलं होतं."

"हो. मी तेव्हा घाईत 'हो' म्हणालो. हे वाक्य राहील. नाही तर परिचय दुसऱ्या कोणी करावा."

"दुसऱ्याचा वीस मिनिटं चालतो," ते त्रासून म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत राहिले. "मग असं करू. परिचयाच्या वेळी मी बाहेर श्रीखंडाचं बघायला जातो. मी ऐकलंच नाही म्हणजे मला कोणी विचारणार नाही."

पाडव्याच्या दिवशी सभागृह भरले होते. नऊवारी नेसवलेल्या छोट्या मुली पदर सावरत "आई, और कितनी देर?" विचारत होत्या. तन्मय मंचावर मागे बसून तारा लावत होता. देवांश, कडक इस्त्रीचा कुर्ता घातलेला, दुसऱ्या रांगेत शुभाच्या शेजारी. सकाळी आमच्या दारात त्याने मला वाकून नमस्कार केला होता, आणि मी घाईने "असू दे, असू दे" म्हणून दाराची कडी चाचपली होती. कर्नलसाहेब दारात उभे होते. एक पाय आत, एक बाहेर.

पहिली पाच वाक्ये मी नेहमीसारखी वाचली. नाव-गाव, शिक्षण, सीतापुरा, गाणी, सन्मान. मग सहावे आले.

उत्तराची खात्री नसलेली मुले काय करतात ते प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. ती अक्षर बारीक काढतात. मी तेच केले. वाक्य सगळे वाचले, एकही शब्द गाळला नाही. पण मान कागदात घालून, ध्वनिवर्धकापासून वीतभर दूर सरकून, एका श्वासात. आणि मान वर केली तेव्हा सभागृहात कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हते. देवांश आपल्या गुडघ्यांकडे पाहत होता. मागे तारांचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या रांगेतून शुभाचा आवाज आला, शस्त्रक्रियागृहात वापरतात तसा, न चढवता सर्वत्र पोचणारा.

"अहो, ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा."

थोडे हसू पसरले. दारातले कर्नलसाहेब मात्र हलले नाहीत. मी ध्वनिवर्धक जवळ ओढला. कागद खाली ठेवला. त्या वाक्याला आता कागद लागत नव्हता. वर्गात उदाहरण उतरवून देताना सांगतो तसे, दर तीन शब्दांनंतर थांबून, शेवटच्या बाकापर्यंत पाहत, मी म्हणालो:

"या वाटचालीत तन्मयला... त्याचा जोडीदार देवांश याची... मोलाची साथ लाभली आहे. देवांश आज... आपल्यामध्ये बसला आहे."

त्याने मान वर केली. लोकांनी वळून पाहिले. कोणी तरी, कोण ते दिसले नाही, एक टाळी वाजवली आणि ती एकटीच पडल्यामुळे दुसऱ्या कोणी तरी घाईने तिला सोबत दिली. काही हात मांडीवरच राहिले. तेही मी पाहिले. पुढे काय वाचायचे असते ते मला आठवेना. मी नुसता उभा होतो, ध्वनिवर्धकाची दांडी धरून, आणि सोडावी असे वाटत नव्हते.

मागून तन्मय हळूच म्हणाला, "बाबा, आता बसा. मला गायचंय."